कुणाकडे शिकतेस?

आयुधपूजेच्या दिवशी दुकानात फोन घ्यायचा नाही, असा काही मानाजीरावांचा नियम नव्हता. त्यांच्या काळी दुकानात फोनच नव्हता. पण आरी, दाभण, कात्री, लाकडी ठोकळा, सगळं चंदन-कुंकू लावून पाटावर मांडलं की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उचलेपर्यंत कामाला लावायचं नाही, हा मात्र होता. गिरीधरनं यंदा त्याच पाटावर आपला मोबाइलही ठेवला होता, काचेवर कुंकवाचं बोट ओढून. तो वाजायला लागला तेव्हा सगळे त्याच्याकडे असे बघत राहिले, जणू देवानंच खाकरून घसा साफ केला.

महालक्ष्मीनं तो उचलला. तिकडून विशालम टीचर बोलत होत्या. पंचेचाळीस वर्षं मैलापुरातल्या मुलींना भरतनाट्यम शिकवणाऱ्या ह्या बाईंचा आवाज कधी चढत नसे. चढवायची गरजच पडत नसे.

"दिव्यश्रीचे चाळ तू स्वतःच्या हातानं दिलेस, महालक्ष्मी. आतला पट्टा उलटून बघितला होतास?"

बघितला नव्हता. पट्ट्याच्या आत बॉलपेननं दोन इंग्रजी अक्षरं लिहिलेली होती, एम आणि के. कातडं घामानं काळं पडलं होतं. हे चाळ आधी कुणीतरी घालून नाचलं होतं, आणि तेच दिव्यश्रीला कोरे म्हणून दिले गेले होते.

"तुझ्या अप्पांनी हे माझ्या शिष्येच्या पायात बांधू दिले असते?" एवढं विचारून टीचरनी उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. दिव्यश्रीच्या पायांत पहिल्यांदा चाळ बांधायची पूजा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला होती.

महालक्ष्मीनं फोन पाटावर परत ठेवला आणि अंगठ्याला लागलेलं कुंकू पदराला पुसलं. बावन्न वर्षांच्या आयुष्यात तिला रडू फार वेळा आलं नव्हतं, आणि आलं तेव्हाही ती आधी गिऱ्हाईक निपटायची. आताही ती शांतपणे स्टुलावर बसली आणि काय झालं ते सगळ्यांना सांगितलं.

दुकानाच्या पाटीवर अजून 'मानाजीराव अँड सन्स' होतं. त्यातला एकुलता एक सन म्हणजे गिरीधर. तो बँकेत गेला आणि तीस वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेऊन परत आला. मधली तीस वर्षं दुकान चालवलं ते मुलीनं. पाटी बदलायची गोष्ट कुणी काढली की महालक्ष्मी म्हणायची, राहू दे, लोक पाटी वाचून येत नाहीत, आवाज ऐकून येतात. आवाज म्हणजे घुंगरांचा. कुंभकोणमचा रंगा ती ओतायचा, त्याच्या आधी त्याचा बाप ओतायचा, आणि महालक्ष्मी ती कातड्यावर ओळीनं टाकायची. तंजावरच्या राजांशी नातं सांगणाऱ्या भाऊबंदांनी, कातड्याला हात लावतो म्हणून, एके काळी मानाजीरावांच्या घरचं पाणी बंद केलं होतं. त्यांच्या नातींचे चाळ पुढं इथूनच गेले.

चाळ देण्याचे नियम दोनच होते. दुकानाची पायरी चढलेल्या मुलीला पहिला प्रश्न, कुणाकडे शिकतेस? आणि गुरूचा निरोप आल्यावरच चाळ द्यायचे. दुसरा, एका पायात चढलेले चाळ दुसऱ्या पायात जाऊ द्यायचे नाहीत. चाळ म्हणजे काही चप्पल नव्हे, असं मानाजीराव म्हणत, आणि चप्पलसुद्धा आपण दुसऱ्याची कुठं घालतो.

फेब्रुवारीत कार्तिकनं दुकान इंटरनेटवर नेलं. कार्तिक गिरीधरचा मुलगा, सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत. देशातली सगळ्यात मोठी म्हणवणारी ती साइट, जिच्यावर लोक पुस्तकांपासून प्रेशर कुकरपर्यंत काय वाट्टेल ते घेऊ लागले होते, तिच्यावर त्यानं चाळांचे फोटो टाकले. फोटो सुंदर काढले होते. आठ महिन्यांत चारशे जोड गेले. रंगाची भट्टी, जी वर्षातले सहा महिने थंड असायची, ती रोज पेटू लागली. महालक्ष्मी भाच्याला काही बोलली नव्हती. त्याच्या आजोबांच्या दुकानात त्याला करण्यासारखं काहीतरी सापडलं, ह्याचाच तिला आनंद झाला होता.

आता कार्तिकचा चेहरा उतरला होता. त्याला आठवलं होतं. ऑगस्टमध्ये कोचीनहून एक डबा परत आला होता, आवडला नाही म्हणून. साइटवाल्या कंपनीच्या गोदामातून फिरून आला तेव्हा त्याच्यावर हिरवी चिठ्ठी होती, तपासलेला, विक्रीस योग्य. अशी चिठ्ठी असलेला माल नव्यातच धरायचा, असा त्यांचा नियम. त्यानं तो फळीवर ठेवला.

"म्हणजे चूक माझी," तो म्हणाला.

"डबा तू ठेवलास. दिला मी." महालक्ष्मीनं त्याला तिथंच थांबवलं. नवरात्राची गर्दी, सगळे जोड पार्सलांत गेलेले, फळीवर हाच एक. "जोड कानाशी वाजवल्याशिवाय मी आजवर कुणाला दिला नाही. त्या दिवशी चिठ्ठी वाचून दिला. तीस वर्षं कान सांभाळले आणि ऐन वेळी डोळ्यांवर विसंबले बघ."

गिरीधरमधला बँकवाला जागा झाला. आज काहीच करता येत नाही, त्यानं समजावलं. पूजा मांडलेली आहे. टीचरना सांगू, चार दिवस थांबा, नवा जोड देऊ, वर माफी मागू. चारशेत एक चूक म्हणजे काहीच नाही, बँकेत ह्याहून जास्त चुका दुपारच्या जेवणाआधी व्हायच्या. आणि तो बोलता बोलता पाटाकडे बघत होता, कारण आरीच्या शेजारी, कात्रीखाली दाबून, कंपनीचा नवा करार ठेवला होता. त्यालाही कुंकू लावलेलं. वर्षभर चाळांच्या पानावर सगळ्यात वर हेच दुकान दिसणार होतं, आणि सही दसऱ्याच्या मुहूर्तावर करायची होती.

"वाच तो," महालक्ष्मी म्हणाली. "मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे."

गिरीधरनं चष्मा लावला. इंग्रजी वाचायचं आणि घरच्या तंजावरी मराठीत, अडलं की तमिळमध्ये, सांगायचं, असं चाललं. दुसरीकडे कुठं ह्याहून स्वस्त विकायचं नाही, स्वतःच्या दुकानातसुद्धा नाही. गिऱ्हाइकाचं नाव-फोन कंपनीकडे राहील. डब्यात दुकानाचं कार्ड घालायचं नाही. गिऱ्हाइकाला आपण होऊन काही विचारायचं नाही. माल परत आला तर तो घ्यायचा, कारण विचारायचं नाही. शेवटची दोन कलमं त्यानं जरा पटकन वाचली.

"म्हणजे गिऱ्हाईक त्यांचं, घुंगरं आपली, आणि पाय कुणाचे ते कुणालाच ठाऊक नाही," महालक्ष्मी म्हणाली.

कार्तिकला ते लागलं. "आत्या, तुझा मिक्सर कुठून आला?"

आला होता तिथूनच. जूनमध्ये, लझ चौकाच्या कोपऱ्यावरच्या अनंतकृष्णच्या दुकानाहून पुष्कळ स्वस्त. कार्तिकच्याच कार्डावर, महालक्ष्मीच्याच सांगण्यावरून. अनंतकृष्णनं तिच्या अप्पांचा रेडिओ दोनदा पैसे न घेता दुरुस्त करून दिला होता. ऑगस्टात त्याच्या दुकानाचं शटर पडलं ते पडलंच, आणि ती तिथून जाताना दुसऱ्या फुटपाथनं जाऊ लागली होती.

"तिथूनच आला," ती म्हणाली. "चांगला चालतो. रोज सकाळी चटणी वाटताना मला अनंतकृष्ण आठवतो. म्हणून तर म्हणते, मला ह्यातलं पुस्तकी काही सांगू नकोस, मी दोन्ही बाजूंनी खाल्लेलं आहे."

इथवर बाजू सरळ होत्या. बाप-लेक एकीकडे, आत्या दुसरीकडे. कार्तिकची बायको हरिणी नवऱ्याच्या बाजूनं बोलेल आणि रंगा आपल्या, असा महालक्ष्मीचा हिशेब होता. दोन्ही चुकले.

रंगा उंबऱ्याशी बसला होता. पूजेसाठी तो दर वर्षी कुंभकोणमहून येई, नव्या घुंगरांची पहिली पिशवी घेऊन. "अम्मा, सही करा," तो म्हणाला. त्याचे दोन मेहुणे ओतकाम सोडून गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात गेले होते, गेटवर रखवालीला उभे राहायचे. आठ महिन्यांमागं परत आले. त्यांच्या हातातलं कसब अजून गेलं नव्हतं. "गिऱ्हाईक कुणाकडे शिकतं ते तुम्हाला हवं. माझी भट्टी पेटलेली राहो, मला तेवढंच हवं."

रंगाच्या बापानं महालक्ष्मीला घुंगरू कानाशी धरायला शिकवलं होतं, आणि त्याचा मुलगा जे मागत होता त्यात काही वावगं नव्हतं.

मग हरिणी बोलली. लग्नाला दीडच वर्ष झालेली ही सून एरवी आत्यासमोर मोजकं बोलायची, त्यातही मराठी अडखळत. ती ओरत्तनाडूची. तिथं शाळेच्या पुस्तकांपलीकडे पुस्तक मिळत नसे. तंजावरला बसनं जायचं, दुकानदार म्हणणार मागवतो, आणि तो कधीच मागवत नसे. ह्या साइटवरून आलेलं पहिलं पुस्तक तिनं दोन दिवस नुसतं उशाशी ठेवलं होतं. "तिला वाईट म्हणवत नाही मला, आत्या. दुकानाजवळ राहणाऱ्यांना ती कशाला लागते ते कळायचं नाही. पण पुस्तक कुणी आधी वाचलं म्हणून माझं काही बिघडत नाही. उद्या त्या दिव्यश्रीचं बिघडणार आहे. करार नंतर बघा. आधी तिचे चाळ करा."

"आज?" गिरीधर म्हणाला. "अक्का, आज नाही. अप्पांनी कधी केलं नाही."

महालक्ष्मी उठली, पाटाशी गेली, नमस्कार केला आणि आरी उचलली. चंदन अजून ओलं होतं.

"अप्पांचे नियम आहेत, गिरी. आज सगळे पाळता येत नाहीत. त्यातला धाकटा मोडते."

दुपारचे दोन वाजले होते. रंगानं पिशवी ओतली आणि एकेक घुंगरू कानाशी धरून निवडायला बसला. सही करा म्हणणारा माणूस, पण बद्द वाजणारं एकही घुंगरू त्यानं पुढं जाऊ दिलं नाही. हरिणीनं दोरा मेणातून ओढला. कार्तिकनं कातडं ठोकळ्यावर घट्ट धरलं. आठ महिन्यांत त्यानं चारशे जोडांचे फोटो काढले होते, पण भोक पाडताना कातडं किती ओढ घेतं ते आज पहिल्यांदा त्याच्या मनगटाला कळलं. गिरीधर थोडा वेळ रागानं प्रसादाचे कुरमुरे आणि डाळे खात बसला, मग पंखा त्यांच्याकडे फिरवून दिला. दिवेलागणीला पाच-पाच ओळींचा जोड तयार झाला. महालक्ष्मीनं तो वाजवून बघितला. दोनदा.

दसऱ्याला सकाळी ती तो घेऊन टीचरकडे गेली. पूजेआधी, आईसमोर, तिनं दिव्यश्रीला खरं काय झालं ते सांगितलं. आई काहीतरी बोलणार होती, पण तेरा वर्षांच्या त्या मुलीलाच पहिला प्रश्न पडला.

"ती आधीची मुलगी चांगली नाचायची का?"

ते महालक्ष्मीला सांगता आलं नाही. एम के कोण, कुणाकडे शिकत होती, तिनं चाळ परत का केले, नाच सोडला की कुणी सोडायला लावला, हे विचारायची सोयच नव्हती. टीचरनी नव्या चाळांना फुलं वाहिली, दिव्यश्रीच्या पायांत बांधले आणि महालक्ष्मीकडे न बघता म्हणाल्या, "आवाज बरा आहे." टीचरच्या तोंडून ही मोठी शाबासकी होती.

दुकानात येऊन तिनं कार्तिकला कंपनीच्या माणसाला फोन लावायला सांगितला. बेंगळूरचा अशोक, वयानं कार्तिकएवढाच, फार अदबीनं बोलायचा. महालक्ष्मीनं आपली अट सांगितली. नाचाचे पोशाख, कमरपट्टे, दागिने, सगळं तुमच्याकडे ठेवते. परत आलं तर घेते, कारण विचारत नाही. फक्त चाळ देण्याआधी गिऱ्हाइकाला एक प्रश्न विचारीन, आणि परत आलेले चाळ मोडून घुंगरं पुन्हा भट्टीत घालीन.

अशोकनं तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. मोडायला त्याची हरकत नव्हती, अडचण प्रश्नाची होती. "मॅडम, प्रश्न विचारला की गिऱ्हाईक जातं."

"जाऊ दे की. ज्याच्याकडे उत्तर असेल ते परत येतं."

तो हसला, मनापासून हसला, आणि म्हणाला की कंपनीत असं करता येणार नाही. ठेवायचं तर सगळं, नाहीतर काहीच नाही. महालक्ष्मीनं त्याचे आभार मानले आणि काहीच नाही, असं कळवलं. कार्तिकनं आत्याकडे बघितलं. त्याचे आठ महिने त्या एका वाक्यात गेले होते. तिनं ते ओळखलं, पण मागं घेतलं नाही.

रंगाला मात्र तिनं स्टुलावर बसवून, डोळ्यांत बघून सांगितलं. करार होणार नाही, ऑर्डरी कमी होतील, दोन्ही मेहुण्यांना पुरेल एवढं काम मी आज कबूल करत नाही. रंगा बराच वेळ पिशवीची दोरी गुंडाळत राहिला. "सरी, अम्मा, बरं," म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला. पंधरा दिवसांनी कळलं, एक मेहुणा गुम्मिडिपूंडीला परतला. महालक्ष्मीनं निरोप ऐकला आणि त्या रात्री जेवली नाही. आपण बरोबर होतो ह्याबद्दल तिला शंका नव्हती, आणि त्यानं भूक काही परत येत नव्हती.

दिवाळीच्या सुमाराला कार्तिक लॅपटॉप घेऊन दुकानात आला. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यानं दुकानाचं स्वतःचं पान बनवलं होतं. फोटो तेच. खाली नाव, पत्ता, पायाचं माप, आणि एक चौकोन, 'गुरूंचं नाव'. तो रिकामा ठेवला तर पान पुढं सरकत नसे. महालक्ष्मीनं तीन-तीनदा रिकामा ठेवून बघितलं. सरकलं नाही. तिला फार समाधान वाटलं.

पाचव्या दिवशी पहिली ऑर्डर आली. जमशेदपूर, सुचित्रा महतो. चौकोनात हिंदीत लिहिलं होतं, 'कोई नहीं. सीडी देखकर सीखती हूँ.'

कार्तिकनं लॅपटॉप आत्याकडे वळवला. "घे. उत्तर आलं."

गिरीधर, ज्याला महिन्यापूर्वी करारातलं प्रत्येक कलम चालत होतं, तो आता एकदम मानाजीरावांचा मुलगा झाला. गुरू नाही तर चाळ नाहीत, नियम म्हणजे नियम, उद्या कुणीही उठेल. हरिणी म्हणाली, जमशेदपुरात गुरू नसेल मिळाला, तर त्या मुलीनं काय बसनं मैलापूरला यायचं? आणि मग तिघंही महालक्ष्मीकडे बघू लागले.

ती पडद्यावरच्या त्या ओळीकडे बघत होती. आजवर ह्या प्रश्नाचं असं उत्तर कुणी दिलंच नव्हतं, कारण ज्यांच्याकडे हे उत्तर होतं त्या ह्या दुकानाची पायरी कधी चढल्याच नव्हत्या. हे तिला मान्य करायला थोडा वेळ लागला. फार नाही.

"नंबर दिलाय ना तिनं? लाव फोन."

महालक्ष्मीचं हिंदी म्हणजे तमिळ चालीवर मराठी. पहिलं मिनिटभर दोघींना एकमेकींचं काही कळेना. मग महालक्ष्मीनं भाषा सोडली आणि हातानं काउंटरवर ठेका धरून नाचाचे बोल नुसते म्हटले, "तैया तै. तैया तै."

तिकडं फोन खाली ठेवल्याचा आवाज, आणि सिमेंटच्या जमिनीवर अनवाणी पाय. तैया तै. पहिला काळ, सावकाश. दुसरा, दुप्पट. महालक्ष्मीनं डोळे मिटले. तिसऱ्या काळात डावा पाय किंचित आधी पडत होता, पण पडत होता तो पुरता, टाच उचलून, फसवाफसवी न करता. कुणी न सांगता ही पोर इतकं शिकली होती. आवाज थांबला.

"आंटी? सुनाई दिया?" धापा टाकत विचारलं गेलं.

"सुना. डावा पाय जलदी करता है," महालक्ष्मी म्हणाली. "त्याला धाक पाहिजे." कार्तिकनं ते हिंदीत सांगितलं. तिकडं ती हसली, रडलीही असेल.

"तीन ओळींचा जोड," महालक्ष्मीनं गिरीधरला सांगितलं, "पाचाचा वर्षभरानं." तो पुन्हा नियम काढायच्या आत तिनं दुसरा नंबर फिरवला होता.

"टीचर, तुमच्या हाताखालून गेलेली कुणी मुलगी आता जमशेदपूरला असते का?"

विशालम टीचर विचार करत राहिल्या. पंचेचाळीस वर्षांच्या मुली, कुठं कुठं दिलेल्या, कुठं कुठं गेलेल्या.

"एक आहे," त्या अखेर म्हणाल्या. "पण ती लहान मुलं शिकवायला घेत नाही. किती वर्षांची आहे ही तुझी?"

ते महालक्ष्मीला ठाऊक नव्हतं.

"विचारून सांगते," ती म्हणाली.